नवी पेठेतला गज आणि आप्पांची नात

मित्रांनो, मी एक जुना गज आहे. हत्ती नव्हे, कापड मोजायची लोखंडी पट्टी. सोलापुरात नवी पेठेत संगप्पांच्या दुकानात माझी चाळीस वर्षं गेली. त्यांना सगळे आप्पा म्हणतात.

आप्पा कापडाचे तागे रंगांच्या क्रमाने लावत. गिऱ्हाइकाने एखादा तागा हलवला, तर तो जागेवर जाईपर्यंत भाव सांगत नसत. दुपारी बरोबर एक वाजून दहा मिनिटांनी भाकरी. बोलताना ते गिऱ्हाइकाकडे न बघता माझ्याकडे बघत. मला तो माझा मानच वाटे. लोक म्हणत, आप्पा लई शिस्तीचे.

त्यांची नात उत्कर्षा सहा वर्षांची झाली, तरी चार शब्दांपलीकडे बोलेना. रिक्षाचा हॉर्न वाजला की कान झाकी. दिवसभर दुकानात माझ्याशेजारी बसून दोऱ्याची रिळं रंगांप्रमाणे लावी. तिला मात्र कुणी शिस्तीची म्हटलं नाही. आजी शिवबाईंनी खापर सुनेवर, वैजयंतीवर फोडलं. सुनेचा मंद्रूपचा मामा एकटाच बडबडतो, हे तिकडूनच आलं, असं त्या गल्लीभर सांगत सुटल्या. वैजयंतीने शेवटी माहेरी जायला बॅग भरली.

पण त्याआधी उत्कर्षाला घेऊन आप्पा, शिवबाई आणि वैजयंती डॉक्टरांकडे निघाले. उत्कर्षा मला सोडून निघेना. म्हणून मीही रिक्षात बसलो, अर्धा आत, अर्धा बाहेर. वाटेत दोन मोटरसायकलवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या.

डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, हा ऑटिझम. मेंदूची घडणच वेगळी. मागे बहुधा अनेक जनुकं असतात, ती आईकडून येतात, वडिलांकडून येतात, कधी नव्यानेच बदलतात. दोष कुणाचाच नाही. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणी असं आहे का?

"आमच्यात कुणी न्हाय," शिवबाई म्हणाल्या.

तेव्हा आप्पा टेबलावरच्या फायली रंगांप्रमाणे लावत होते आणि उत्कर्षा एकेक फाईल त्यांच्या हातात देत होती. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

आप्पा माझ्याकडे बघत म्हणाले, "माझ्याकडनं आलं असंल. शाळेत पोरं मला येडा संगप्पा म्हणायची. कुणाला सांगितलं न्हाय मी."

एवढ्यावरून काही ठरवता येत नाही, पण एकाच घराण्यात अशा सवयींच्या कमीजास्त छटा दिसतात, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. शिवबाईंनी पिशवीतून मोबाईल काढला. मग तिथूनच त्यांनी मंद्रूपला व्याह्यांना फोन लावला आणि चुकलं म्हणून सांगितलं. व्याही भला माणूस. ते म्हणाले, आमच्या पोरीचा मामाबी तसलाच हाय की, आमच्याकडनं आलं असंल. शिवबाई म्हणाल्या, न्हाय न्हाय, आमच्याकडनंच. पाच मिनिटं तोच वाद चालला आणि वैजयंती कित्येक महिन्यांनी हसली.

बॅग त्याच दिवशी रिकामी झाली. उत्कर्षा आता बोलायच्या सरावाला जाते.

मित्रांनो, तुमच्या वर्गात असं कुणी असेल, तर ते कुणावर गेलं याचा शोध घेत बसू नका. त्याला काय सोसत नाही आणि काय आवडतं, तेवढं विचारा. आणि उत्तर द्यायला त्याला वेळ लागला, तर थांबा.