ठकूबाई गैरहजर

यंत्र वर्गात आलं, त्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी तान्हाबाईचा अंगठा चोरला आणि माझ्या हाताला लावला. सांगायला लाज वाटते, पण चोरला.

आमचा वर्ग प्रौढांचा, सगळ्या विडी कारखान्यातल्या बायका. तेजल मॅडम म्हणाल्या होत्या, घाबरायचं नाही, हळूहळू सवय करायची. पहिला आठवडा यंत्र नुसतं टेबलावर ठेवलं. दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांनी हात लावून पाहिला. तिसऱ्यात त्यानं हजेरीला अंगठा मागितला. चाळीस वर्षं विड्या वळून माझ्या अंगठ्याच्या रेघा पार गेलेल्या. "पुन्हा प्रयत्न करा," यंत्र म्हणालं. नऊ वेळा म्हणालं मेलं! हजेरी नाही तर परीक्षा नाही. आणि जन्मभर अंगठेबहाद्दर म्हणवून घेतल्यावर मला परीक्षेला बसायचंच होतं.

शेजारी बसणारी तान्हाबाई कारखान्यात नुसती पानं कापते, म्हणून तिच्या रेघा शाबूत. पाणी प्यायला उठताना ती अंगठा पाटीवर ठेवून गेली. मी माझा काढून कनवटीला लावला, तिचा बसवला.

"अगं बाई, कुठं पडला गं?" परत येऊन ती विचारायला लागली.

"बघू या," मी म्हणाले आणि तिच्याबरोबर सतरंजी झटकली. असली मी.

मग यंत्रावर अंगठा टेकवला. "तान्हाबाई हजर," यंत्र म्हणालं. एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"ठकूबाई?" मॅडमनी विचारलं.

"ही काय मी!"

मॅडमनी यंत्रात पाहिलं. "नाही आल्या."

दुसऱ्या दिवसापासून बायका मलाही तान्हाबाईच म्हणायला लागल्या. खरी तान्हाबाई मुठीत खडू धरून वेडंवाकडं लिहायची, पुसायची, परत लिहायची. त्याआधी वर्गात सगळ्यांत सुंदर अक्षर तिचं होतं. मी हात पदराखाली धरून बसायचे. सांगून टाकावं असं रोज वाटायचं, आणि रोज मी हजेरी लावायचे.

परीक्षेच्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "ठकूबाईंचं वर्ष वाया जाईल हो. दोघी तान्हाबाई जा, त्यांना घेऊन या."

तान्हाबाई माझ्याही पुढं धावली. "मैत्रीण आहे माझी," वाटेत ती मला सांगत होती. "आजारी पडली असेल. एकटीच असते बिचारी."

माझ्या घराचं दार आतून बंद होतं. तान्हाबाईनं चार बोटांनी ते वाजवलं.

"ठके, ऊठ! पेपर सुरू होतोय!"

"आले, आले," आतून माझा आवाज आला. मग कडी वाजायला लागली. उघडत नव्हती, बोटांतून सारखी निसटत होती.