पट्टीवरची मधली पात

"मावशी, जल्दी करा! अर्ध्या घंट्यात इमान उतरतंय," सुपरवायझर अंगद जीपमधूनच ओरडला.

"वरडू नको. तुज्या वरडण्यानं खडे पळून जातेत का?" चतुराबाईने वर न बघताच सुनावलं.

वाटूरच्या वाटेवरल्या त्या माळावर सहा बायका धावपट्टीवर ओळीने चालत होत्या. कापूस खुरपताना धरतात तशी प्रत्येकीने आपली पात, म्हणजे आपल्या वाट्याची ओळ, धरली होती. खडा, तार, खिळा, दिसेल ते उचलून डब्यात टाकायचं. विमानाच्या पंख्यात काही गेलं तर होत्याचं नव्हतं व्हायचं. माळ पूर्वी फौजेचा. पाऊस झाला की पाण्यासरशी जुन्या गोळ्यांच्या पुंगळ्या अजून पट्टीवर येत. आता इथे विमान शिकणारी पोरंपोरी उतरत.

मधली पात बावीस वर्षं चतुराबाईची. शेवटी अंगद फक्त तिलाच विचारायचा, "साफ?" ती हो म्हणाली की वॉकीटॉकीवर निरोप जायचा. सरपंचाला तरी एवढा मान आहे का, असं ती घरी दहादा ऐकवायची.

दिवाळीपासून मात्र तिला सगळं दुधातून पाहिल्यासारखं दिसत होतं. ती अनवाणी चालून तळव्यांनी खडे चाचपायची आणि वर म्हणायची, "चप्पल चावती मला."

शेजारच्या पातीतून तिची सून शालू चालत होती. ती चटकन वाकली आणि सासूच्या डब्यात काहीतरी टाकलं. टण्ण वाजलं.

चतुराबाईने डब्यात हात घातला. पितळेची पुंगळी, बोटभर लांब.

"माज्या पातीत होती?"

शालू पुढचा खडा उचलायला वाकली.

"बोल की!"

"हो, आत्याबाई. पण मी कुणाला न्हाई सांगत."

चतुराबाईला आधी सुनेचा राग आला, मग स्वतःचा. बोललं तर काम जाणार, हे तिला कळत होतं. घरी बसायची तिला मनापासून भीती वाटत होती. तेवढ्यात विमानाची घरघर ऐकू आली. आत कुणाचं तरी लेकरू बसलं होतं.

"मावशी, साफ?" अंगदने विचारलं.

"मला न्हाई दिसत, अंगद. शालूला फिरू दे माज्या पातीतून."

"न्हाई दिसत म्हंजे? कवापासून?"

"लई दिवस झाले. आधी त्या इमानाला थांबाय सांग!"

अंगदने घाईघाईने वॉकीटॉकी तोंडाशी धरला. विमान वरच घिरट्या घालू लागलं. शालू मधल्या पातीतून टोकापर्यंत जाऊन आली. आणखी दोन पुंगळ्या निघाल्या.

"साफ," ती कशीबशी म्हणाली.

बायका कुंपणापाशी गवतात बसल्या. विमान उतरलं, समोरून गेलं. अंगद चतुराबाईकडे न येताच जीप घेऊन गेला, तेव्हाच आपली पात गेली हे तिला कळलं.

"शालू," चतुराबाईने सगळ्यांदेखत विचारलं, "कोणत्या रंगाचं हाय गं?"

"पांढरं, आत्याबाई. शेपटीला लाल पट्टा हाय."

"बरं," म्हणत ती आवाज गेला त्या दिशेला बघत राहिली.