साहेबांसाठी खिडकी

धाकट्या लेकीने खिडकीच्या फटीत उलथनं खुपसून जोर लावला. पुट्टीचा एक टवका उडाला तो थेट अप्पांच्या चहात.

"चमच्याने काढ," अप्पा म्हणाले, "आणि खिडकी राहू दे."

"साहेब वर येऊन तोंड वासताहेत, अप्पा."

"जांभया देतोय. वय झालं त्याचं."

साहेब म्हणजे टाकीतला सोनेरी मासा. पोट पुढे, काम शून्य, म्हणून साहेब. अप्पांनी आणि बोळापलीकडच्या काकांनी मिळून त्याला आणलं होतं. मग तो नेमका कोणाचा, यावरून दोघे सख्खे भाऊ असे भांडले की अप्पांनी टाकी आपल्या घरात ओढली आणि बोळाकडची खिडकी पुट्टीने लिंपून टाकली. काकांना मासा नुसता डोळ्यांनीही पाहू द्यायचा नव्हता.

तेव्हापासून घर कोंडलं होतं. माणसांनी सोडलेला श्वास घरातच फिरत राहायचा, टाकीत उतरायचा आणि पाण्याचा पीएच घसरायचा. हे कळेपर्यंत धाकटीने पाण्यात दुकानातली पीएच वाढवायची बरीच पावडर घातली होती. शेवटी तिने टाकीतलं पाणी दोन पेल्यांत घेतलं. एक घरात ठेवला, एक बाहेर जिन्यात. दुसऱ्या दिवशी दोन्हींत तपासणीचे थेंब टाकले. घरातलं पाणी पिवळं, म्हणजे आम्ल; जिन्यातलं छान हिरवं.

"म्हणजे मासा जिन्यात ठेवायचा?" अप्पांनी विचारलं होतं. ते गंमत करत नव्हते.

अखेर दुपारी खिडकी उघडली. रस्त्याकडचीही तिने सताड उघडी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी थेंब टाकले, तर पाणी पिवळंच. साहेब पृष्ठभागाला चिकटलेले, कल्ले जेमतेम हलणारे.

धाकटीने बोळात डोकं घातलं. वर पत्र्याचं छप्पर, दोन्ही टोकं बंद. समोर काकांची खिडकी, घट्ट बंद. हवेला पुढे जायचं तर काकांच्या घरातूनच जावं लागणार होतं.

ती चपला घालू लागली.

"कुठे?"

"काकांकडे."

"कोणी जायचं नाही."

एक चप्पल पायात, एक हातात, अशी ती उभी राहिली. "मग काय करू? मरू देऊ?"

अप्पा टाकीसमोर वाकले. साहेबांनी त्यांच्याकडे पाहून तोंड उघडलं आणि ते मिटायला फार वेळ लावला. अप्पा उठून खिडकीपाशी गेले. घसा खाकरला. तो नीट मोकळा झाला नाही, म्हणून पुन्हा खाकरला.

"अरे ए!"

"काय आहे?" बंद खिडकीमागून आवाज आला.

"खिडकी उघड." अप्पांनी चौकट धरली. "तुझ्या माशाला हवा पाहिजे."

 पलीकडे खर्र, खर्र असा आवाज सुरू झाला. पुट्टी खरवडल्याचा.

अप्पांनी कान देऊन ऐकलं.

"चमच्याने करतोय मूर्ख," ते म्हणाले. "जा, उलथनं देऊन ये."