फूटपट्टीने मोजलेली विलायत

मी फूटपट्टी बोलतेय. लाकडाची चपटी काडी म्हणून मला हिणवू नका. एका मुलीचं लग्न माझ्यापायी मोडता मोडता राहिलं आहे.

धोंडीराम सुताराने दाराच्या उरलेल्या फळीतून मला काढलं आणि सोलापुरात, भवानी पेठेतल्या शाळेत, गंगाधर मास्तरांच्या हाती दिलं. मास्तरांचं गणित कधी चुकत नसे, कारण चुकलं म्हणायची कोणाची टाप नव्हती. त्यांच्या हातात राहून मीही शेफारले.

१९३० साली मास्तरांच्या मालतीचं लग्न ठरलं. नवरामुलगा वेणीमाधव विलायतेत बॅरिस्टर झालेला. बोटीने आला तर वैशाखातला मुहूर्त टळणार, म्हणून त्याने तार केली, शनिवारी विमानाने निघतो.

मास्तरांनी शाळेतला नकाशा पसरला, मला लंडनवर टेकवलं आणि थेट सोलापूरपर्यंत रेघ ओढली.

"चार हजार सहाशे मैल. ताशी शंभर. म्हणजे सेहेचाळीस तास. सोमवारी जावईबापू होम मैदानावर उतरतील. मंगळवारचा मुहूर्त धरा."

नकाशाचं टोक धरून शाळेचा शिपाई बिरप्पा उभा होता, मंद्रूपच्या मेंढपाळाचा मुलगा. तो म्हणाला, "मास्तर, राती मुक्काम कुटं करतंय त्ये? मेंढरं बी बसत्यात की. हाकणारा माणूसच हाय न्हवं?"

"हे मेंढरांचं काम नव्हे. टोक नीट धर."

मालती दारात ऐकत होती. "बाबा, तो म्हणतो तसं असलं तर?"

"गणितात 'तर' नसतं," मास्तर म्हणाले. मला ते फार आवडलं.

सोमवारी अर्धी पेठ होम मैदानावर माना वर करून उभी राहिली. आभाळात घारी तेवढ्या फिरत होत्या. त्यातल्या पहिलीला बँडवाल्यांनी सलामीही दिली.

तरी गणितावरच्या भरवशाने मंगळवारी सगळे मांडवात जमले, आणि तिथेच तार आली: "इजिप्तमध्ये मुक्काम. शनिवारी कराची. पुढे रेल्वे." विमान रोज रात्री उतरत होतं, माणसं जेवून झोपत होती.

पण मुहूर्त टळता कामा नये, असं वडीलधाऱ्यांचं ठरलं. पाहुण्यांत चाळिशी उलटलेले एक बिजवर वकील होते. मुलगी त्यांनाच द्यावी. वकिलांनी नको नको म्हणत पगडी नीट केली.

"एवढे लोक जमलेत. त्यांना काय सांगू?" मास्तर पुटपुटले.

मांडवाचं माप घ्यायला आणलेली मी तिथेच पाटाशेजारी पडले होते. मालतीने मुंडावळ्या मागे सारल्या आणि मला उचलून वडिलांपुढे ठेवलं.

"गणित चुकलं म्हणून सांगा की. वर्गात मुलाचं चुकलं की तुम्ही हिने त्याच्याच हातावर मारता. इथं चुकलात तुम्ही, आणि शिक्षा मला? तीही जन्माची?"

मास्तरांनी मला हातात घेतलं. मग उभे राहिले. "मंडळी, माझं गणित चुकलं. बिरप्पाचं बरोबर होतं. जेवून घ्या. लग्न मुलगा आल्यावर."

त्या माणसाच्या तोंडून हे ऐकताना मला भरून आलं. वकील मात्र जेवायला थांबले नाहीत. पंधरा दिवसांनी लग्न लागलं, आणि मालती अंतरपाटामागे हसत होती.

आता माझे आकडे पुसले गेले आहेत. मास्तरांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून पडून असते. जाता जाता एवढंच मागते, मैल खुशाल मला विचारा. मुलीचं लग्न मात्र मुलीला विचारून करा.