बिनकानाचा कप

उद्धवरावांनी कपाटाला किल्ली लावली. ते वरच्या फळीवरचा कप काढतील, ही शक्यता मी घरून निघताना धरलीच नव्हती.

उद्धवराव आमच्या कंपनीत स्टोअर्सचे साहेब, मी प्रयोगशाळेत केमिस्ट. जुन्या इंग्रजी कपबशांचा नाद मला त्यांनीच लावला. खडकीच्या जुन्या बाजारात आम्ही बशा उन्हाकडे धरून बघायचो. चांगल्या पोर्सेलिनमधून मागच्या बोटांची सावली दिसते. "दर रविवारी कुठं जातोस ते बघू तरी," असं माझे वडील, आप्पा, म्हणाले, म्हणून त्यांना मी आज निगडीला उद्धवरावांच्या घरी आणलं होतं.

माझ्यासाठी आणि स्वतःसाठी उद्धवरावांनी साधे कप घेतले. मग वरच्या फळीवरचा तो कप काढला. निळ्या फुलांचा, दोनशे वर्षांपूर्वीचा. त्या काळी चिनी वाट्या बघून इंग्रज चहाचे कप करत, त्यामुळे त्याला मुळातच कान नव्हता. तो त्यांनी कोमट पाण्यानं शेकून घेतला, चहा ओतला आणि आप्पांपुढे ठेवला.

"वडीलधाऱ्यांचा मान."

आप्पांनी आमच्या कपांचे कान पाहिले. मग स्वतःचा कप पाहिला.

गावात आमच्या लोकांसाठी कान तुटलेला कप ओसरीबाहेर वेगळा ठेवत. चहा वरून ओतत. पिऊन आपणच धुवायचा आणि पालथा घालायचा. गाव सोडून, बौद्ध होऊन, कंपनीत उभी हयात काढूनही आप्पांनी गावातला चहा पुन्हा घेतला नव्हता.

समजावून सांगावं, तर उद्धवरावांदेखत हे सगळं काढावं लागणार. गप्प बसावं, तर आप्पा माझ्याबरोबर पुन्हा कुणाच्या घरी यायचे नाहीत. मी नुसता त्यांच्या बोटांकडे बघत राहिलो. ते चहा प्यायले. मग कप घेऊन उठले.

"नळ कुठं हाय?"

"कशाला?" उद्धवरावांनी विचारलं.

"धुतो. सवय हाय."

उद्धवराव ताडकन उठले. "छे, छे. द्या इकडं. त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला चालत नाही."

आप्पांची पकड घट्ट झाली.

"खरंय ते," आतून उद्धवरावांच्या पत्नी सुमनताई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून मलासुद्धा ह्या इंग्रजी कपाचं लांबूनच दर्शन आहे. पाहुणे प्यायले की हे स्वतः मोरीत बसतात."

आप्पांनी कप सावकाश त्यांच्या हातात दिला. उद्धवराव मोरीत उकिडवे बसले. आप्पांचे ओठ लागलेली कड त्यांनी बोटानं चोळून धुतली आणि कप खांद्यावरच्या पंच्यानं टिपला. तो कोरडा होईपर्यंत आप्पा दारात उभे होते.

मग ते येऊन बसले.

"साहेब, घोटभर चहा असंल का आजून?"

"आहे की. कशात देऊ?"

आप्पांनी त्या कपाकडे बोट केलं. "त्यातच. पर लई भाजतंय राव. इंग्रज धरत कसं व्हते?"