आटप

"थांब. हात तिथंच ठेव," काचेपलीकडून मॅडम म्हणाल्या.

तिनं हात हवेत तसाच धरला. शेजारच्या नळीतून हवेची वाट दाखवणारा पांढरा धूर निघत होता. छतातून येणाऱ्या हवेबरोबर तो विंचरलेल्या केसांसारखा सरळ खाली उतरायला हवा होता. तिच्या कोपरापाशी मात्र त्याचा गुंता झाला होता आणि तो गुंता वळसा घेऊन नेमका उघड्या कुप्यांवर जाऊन बसत होता.

"दिसलं?"

"दिसलं, मॅडम."

"एवढी कसली घाई तुला? कुणी मागे लागलंय का?"

तिनं मान हलवली नाही. त्या खोलीत मानही उगाच हलवायची नसते. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, डोळ्यांवर गॉगल, तोंडावर पट्टी, हातांवर दुहेरी मोजे, आणि हात कायम छातीसमोर धरलेले. या खोलीतली सगळ्यांत घाणेरडी वस्तू म्हणजे तुम्ही, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. तेव्हा सगळे हसले होते. एकानं विचारलं होतं, "आणि आत गेल्यावर नाकाला खाज आली तर?"

"येऊ द्यायची," मॅडम म्हणाल्या होत्या. "थोड्या वेळानं जाते."

पदवीनंतरचं हे वर्षभराचं प्रशिक्षण होतं. इथं औषध जिवंत पेशींकडून करवून घ्यायला शिकवत. पेशींचे नखरे सांभाळावे लागत, आणि त्यांनी दिलेलं औषधही तसंच नाजूक. ते उकळून निर्जंतुक करायची सोय नाही, उकळलं की त्याचा कारभारच आटोपला. म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत माणसानंच स्वच्छ राहायचं. शेवटच्या परीक्षेत औषधाऐवजी जंतूंना आवडेल असं पातळ खाद्य कुप्यांत भरायला देत. मग त्या कुप्या दोन आठवडे उबेत ठेवायच्या. एकही गढूळ झाली तर नापास. तीन संधी मिळत. तिच्या दोन गेल्या होत्या. तिसरी गेली की शेजारच्या कारखान्यातली नोकरीही गेली, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

गंमत म्हणजे चार महिन्यांपूर्वी मॅडम सगळ्यांना सांगत, "हिचे हात बघा." बाकीची मुलं आत वारा उठवत असताना ही पाण्यात हात फिरवावा तशी काम करायची. त्यात तिचं कर्तृत्व काही नव्हतं. ती जन्मजात संथ होती. आई तिला गोगलगाय म्हणायची.

आई तिकीट खिडकीवर कामाला होती. हात असे चालायचे की रांगेतल्या माणसाला आपल्याला कुठं जायचंय ते आठवेपर्यंत तिकीट पुढ्यात पडलेलं असायचं. अशा बाईच्या नशिबी नवरा आला तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारा, एकेक भिंग उजेडात धरून बघत बसणारा, आणि मुलगी झाली ती थेट बापावर गेलेली. त्यामुळे घरात दिवसभर एकच शब्द घुमायचा. आटप. दात घासताना आटप, जेवताना आटप, वेणी घालताना आटप. त्याला बापलेकींचं उत्तरही ठरलेलं होतं. बाबा म्हणायचे "आलो", ती म्हणायची "आले". त्या घरात या शब्दाचा अर्थ 'अजून सुरुवात केलेली नाही' असा होता आणि तो सगळ्यांना ठाऊक होता.

या अभ्यासक्रमात मुलीच्या संथपणाचं कौतुक होतंय हे कळल्यावर आईनं कपाळाला हात लावला. "म्हणजे आता याचेसुद्धा पैसे देणार का हिला?" असं म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तिकीट खिडकीवरच्या साऱ्या बायकांना सांगून आली.

मग तो दिवस उजाडला. ती आत सराव करत होती. भिंतीतल्या बोलण्याच्या यंत्रातून मॅडमचा आवाज आला. "घरून फोन आहे. आईला दवाखान्यात नेलंय. बाहेर ये."

"आले," ती म्हणाली.

आणि ती आली, शिकवल्याप्रमाणे. आधी वरचे मोजे, आतली बाजू बाहेर काढून. मग गॉगल. मग टोपडं. मग अंगातला पोशाख, जमिनीला न लागू देता, गुंडाळी करत. बाहेर पडताना एवढ्या सोवळ्याची काही गरज नसते. तो पोशाख धुण्यातच जायचा होता, ओरबाडून फेकला असता तरी कुणी बोललं नसतं. तिच्या हातांना मात्र दुसरं काही येतच नव्हतं.

ती पोचली तेव्हा मावशी दवाखान्याच्या बोळात उभी होती. बोळाच्या टोकाला चहाचं यंत्र होतं. त्यावर 'बंद आहे' असा कागद चिकटवलेला होता आणि त्याचं एक टोक सुटून पंख्यानं हलत होतं.

"आत्ताच गं," मावशी म्हणाली. "एवढ्यात. तुझीच वाट बघत होती. म्हणाली, तिला म्हणावं आटप."

मावशी रडत होती, तिच्या मनात टोचून बोलायचं काही नव्हतं. मुलगी त्या कागदाच्या सुटलेल्या टोकाकडे बघत राहिली.

तेव्हापासून ती आटपायला लागली. दात झटक्यात घासायची, उभ्यानं जेवायची, जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरायची. रडली नाही. नातेवाईक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. खंबीर कसली, तिला काही वाटतच नव्हतं. जीभ चहानं भाजल्यावर चव जाते तसं झालं होतं, आणि आपल्याला काही वाटत नाही याची तेवढी तिला भीती वाटत होती. पहिल्या परीक्षेनंतर मोजे तपासले तेव्हा तिच्या मोज्यावर जंतू सापडले, तेवढ्यानंच नापास. दुसऱ्या परीक्षेत तीन कुप्या गढूळल्या.

धुराचा तो सराव झाला त्या संध्याकाळी तिनं बाबांना वाढलं आणि त्यांचं संपायच्या आत ताट उचललं.

"अगं, जेवतोय मी अजून," बाबा म्हणाले.

तिनं ताट परत ठेवलं. बाबांनी घास घेतला, तो चावून झाल्यावर पाणी प्यायले, मग म्हणाले, "परीक्षा कधी आहे?"

"उद्या. शेवटची."

"हं."

पुढचं वाक्य यायला वेळ लागणार हे तिला माहीत होतं. एरवी अशा वेळी आई स्वयंपाकघरातून ओरडायची. आता ओरडायला कुणी नव्हतं, म्हणून ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"मावशी म्हणाली ना तुला, ते आटप म्हणाली वगैरे."

"हो."

"ते तुला नव्हतं. मला होतं ते." बाबांनी बोटानं ताटातलं शीत कडेला केलं. "मी चहा आणला होता, बोळातल्या यंत्रातून. तिच्याजवळ बसून पीत होतो. तू येतेयस म्हणून फोन आला, तर म्हणाली, तिला जागा दे, आटप तो चहा. मावशीनं अर्धंच ऐकलं."

बाबा आजवर कधी खोटं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. सवय नसल्यानं ते ताटाकडे बघूनच बोलत होते. एवढं मोठं वाक्य त्यांनी किती दिवस घासूनपुसून तयार केलं असेल कोण जाणे. 'बंद आहे' लिहिलेला, सुटलेल्या टोकाचा तो कागद तिच्या डोळ्यांपुढे हलत होता.

"साखर होती का चहात?" तिनं विचारलं.

बाबांनी वर बघितलं.

"होती," ते म्हणाले. "जरा जास्तच होती."

"प्यायलात का मग पूर्ण?"

"नाही. राहिला तो."

ती खाली बसली. बाबांचं जेवण होईपर्यंत बसून राहिली. त्यांना पुष्कळ वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी आत जाताना तिनं पोशाख चढवला. टोपडं, पोशाख, बूट, गॉगल, मोजे. मॅडम काचेपलीकडे खुर्चीत बसल्या होत्या. पहिली कुपी. चिमटा आडवा न्यायचा, उघड्या तोंडावरून नाही. दुसरी कुपी. मोजा ताणला जातो तिथं थांबायचं. हवेला वाट द्यायची. तिला आठवलं की हे असं पूर्वी आपोआप व्हायचं. आज एकेक हालचाल बोलावून आणावी लागत होती, पण येत होती.

बरंचसं झाल्यावर, झाकणं बसवताना, तिला त्या चहाची आठवण झाली. जास्त साखरेचा, न प्यायलेला, कधी नसलेलाच तो चहा. आणि गॉगलच्या आत पाणी भरायला लागलं.

पुसता येणार नव्हतं. चेहऱ्याला हात लागला की संपलं. तिनं दोन्ही हात छातीसमोर धरले आणि स्तब्ध उभी राहिली. पाणी गालांवरून मुखपट्टीत उतरलं, पट्टी ओली होऊन तोंडाला चिकटली. काचेपलीकडे मॅडम खुर्चीतून उठल्या. बोलण्याच्या यंत्राच्या बटणावर बोट ठेवलं, पण ते दाबलं नाही. येऊ द्यायचं. थोड्या वेळानं जातं. ते गेलं तेव्हा तिनं बाहेर येऊन पट्टी-गॉगलसकट सगळा पोशाख बदलला, पुन्हा आत गेली आणि राहिलेली झाकणं बसवली.

दोन आठवड्यांनी मॅडमनी तिला दिव्याच्या पेटीपाशी उभं केलं. एकेक कुपी सावकाश उलटी करून बघायची, आधी काळ्या, मग पांढऱ्या पाटीपुढे. तिनं सगळ्या बघितल्या. उजेड आरपार जात होता.

"काय दिसतंय?" मॅडमनी विचारलं.

"काहीच नाही."

"मग झालं तर. तेच हवं असतं." मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला. "त्या दिवशी पुसायला हात गेला असता तर मला नापास करावं लागलं असतं."

"माहीत होतं, मॅडम."

कपडे बदलायच्या खोलीतल्या बाकावर बसून तिनं बाबांना फोन लावला. त्यांनी उचलायला वेळ घेतला.

"काय झालं?"

"काही उगवलं नाही, बाबा. एकाही कुपीत."

"म्हणजे चांगलं ना?"

"चांगलं."

इथं आईचा शब्द यायचा, ते दोघांना माहीत होतं. दोघंही थांबले.

"बरं," बाबा शेवटी म्हणाले. "सावकाश ये."

"आले," ती म्हणाली आणि फोन मांडीवर ठेवून बसून राहिली. बुटांवर चढवलेल्या पिशव्यासुद्धा तिनं अजून काढल्या नव्हत्या.