श्वास घेणारं घर विकणे आहे

रांग पार कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेली होती. दर्शन कोणाचं, तर एका घराचं. रस्त्याला लागून असलेलं तीन मजली जुनं घर डागडुजी करून विकायला काढलं होतं आणि ते म्हणे श्वास घेत होतं. दिवाणखान्यात भिंतीवर एक पातळ पडदा होता. आसपास खिडकी नाही, वर पंखा नाही, तरी तो फुगायचा आणि पुन्हा आत ओढला जायचा. शिकलेसवरलेले लोक हात जोडून बघत होते. हात जोडले की डोकं चालवावं लागत नाही, ही मोठीच सोय.

"इथे एक वैद्य राहायचे," दलालाच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. "दम्याचे रोगी याच खोलीत बरे व्हायचे. वैद्य गेले, श्वास राहिला. माणसांची चाहूल लागली की घराला जाग येते. अहो, आत आलात की दार लावून घ्या, श्वास बाहेर जातो. मी घर विकत नाही, घरच मालक निवडतं." कमिशन मात्र घर घेत नव्हतं.

माझी धाकटी बहीण सगळ्यांत पुढे होती. तिच्या मुलीला दमा. राहता फ्लॅट विकून हे घर घ्यायचं तिने ठरवलं होतं, ते एक वेळ सोडा. दलालाच्या सांगण्यावरून तिने पोरीचा पंपही बंद केला होता.

"औषध चालू असलं तर घर काम करत नाही, दादा," ती मला समजावू लागली. "कालपासून फरक आहे."

फरक मलाही दिसत होता. पोरीचे खांदे प्रत्येक श्वासाला वर उचलले जात होते.

"मामा, मला बाहेर ने."

वाट काढत आम्ही दारापर्यंत आलो. पोरीने ते जाड दार आत ओढलं आणि त्याला टेकून उंबऱ्यात उभी राहिली. मागे कुजबुज झाली. पडदा थांबला होता.

"कोणीतरी शंका घेतलीये. घर रुसलं," दलाल म्हणाला. "आधी ते दार लावा."

"मामा," पोर धापा टाकत म्हणाली, "दार उघडं असलं की तो हलत नाही."

मी तिला बाजूला घेऊन दार लावलं. पडदा फुगला. उघडलं, आत गेला. मग मी भराभर उघडझाप केली आणि त्या घराला धाप लावली. दलालाचा चेहरा उतरला.

मी जाऊन पडदा बाजूला केला. मागे जुनं धुराडं होतं. डागडुजीत खिडक्यांना रबर लावून फटी बुजवल्या होत्या, हवेला वाट उरली ती एवढीच. दार आत उघडलं की हवा धुराड्यातून बाहेर, लावलं की आत. रांगेतला प्रत्येक जण दार उघडून, लावून स्वतःच चमत्कार करत होता आणि स्वतःच हात जोडत होता.

"श्रद्धेची परीक्षा घेऊ नये," दलाल पुटपुटला.

"पंप कुठाय?" मी बहिणीला विचारलं.

तिने पर्सच्या तळातून तो काढला. "टाकवला नाही रे," म्हणाली आणि रडू लागली. पोरीने औषध ओढलं. हळूहळू तिचे खांदे खाली आले.

घराचा श्वास बघायला एवढी माणसं जमली होती. त्यांच्यातच एका पोरीचा श्वास कोंडत होता, तो कोणाला दिसला नाही. याचा मला अजून संताप येतो. म्हणून सांगतो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी ते हात जरा वापरा. दार उघडा, पडदा बाजूला करा. आणि जो औषध बंद करायला सांगतो त्याच्याकडून घर सोडाच, एक वीटही घेऊ नका.